स्पोर्ट बाईक घरच्या घरी हलकी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर१५, आरसी ३९०, अपाचे आरआर ३१० अशा गाड्या चालवणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा घरासमोरच्या अंगणात, हाताशी असलेल्या पान्यांनी काम करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हलके पार्ट लावल्यावर गाडी खरंच पळते का? फरक किती पडतो?

आकडेमोड स्वतः करून बघा. आर१५ चं वजन पेट्रोलसह सुमारे १४२ किलो. त्यावर ६८ किलोचा चालक बसला की २१० किलो झाले. महागाच्या पार्टांनी चार किलो कमी केले, तर एकूण वजनात दोन टक्क्यांच्या आसपास घट होते. सरळ रस्त्यावर एवढा फरक जाणवणं कठीण आहे. वळणावर गाडी झुकवताना, ब्रेक दाबताना आणि खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहताना मात्र तो जाणवू शकतो, आणि तोही वजन योग्य जागेवरून गेलं असेल तरच (प्रश्न ३). टॉप स्पीड वाढेल या आशेने हलके पार्ट घेत असाल तर घेऊ नका. टॉप स्पीडला अडवते ती मुख्यतः हवा, वजन नव्हे.

२. बजेट कमी आहे. सुरुवात कुठून करू?

आधी गाडीवर आपणच लादलेलं वजन उतरवा. लोखंडी क्रॅशगार्ड, सॅडलबॅगचा सांगाडा, जाड साखळीचं कुलूप, सीटखाली कोंबलेली कापडं आणि बाटल्या काढल्या की पाचेक किलो सहज निघतात, तेही फुकटात. दुसरी गोष्ट पेट्रोल. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या जवळपास भरतं. अकरा लिटरची टाकी पूर्ण भरलीत, तर गाडीच्या सगळ्यात उंच भागात आठ किलो चढले. रविवारी सकाळी घाटात जायचं असेल तर अर्धी टाकी पुरते.

यानंतर पैसे टाकायचे झाले, तर माझा क्रम असा: टायर बदलायची वेळ आलीच असेल तर हलका आणि चांगली पकड देणारा टायर, मग बॅटरी, मग मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक). सायलेन्सर सगळ्यात शेवटी, आणि रस्त्यावरच्या गाडीला तर नकोच (प्रश्न ९). बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण सायलेन्सर ऐकू येतो आणि स्प्रॉकेट कुणाच्या नजरेत भरत नाही.

३. कुठलं वजन कमी केल्याचा फायदा जास्त?

फिरणारं वजन आणि सस्पेन्शनच्या खालचं वजन. टायर, रिम, डिस्क, मागचं स्प्रॉकेट आणि चेन यांना गाडीबरोबर पुढेही जायचं असतं आणि स्वतःभोवती फिरायचंही असतं. टायरच्या अगदी कडेला असलेल्या एक किलोला वेग द्यायला, सीटखालच्या एक किलोच्या दुप्पट ऊर्जा लागते. जसजसं वजन एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) जवळ येतं, तसा हा फरक कमी होतो. म्हणून डिस्कवरच्या शंभर ग्रॅमपेक्षा टायरवरचे शंभर ग्रॅम मोलाचे.

कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) आणि एक्सल फिरत नाहीत, पण तेही स्प्रिंगच्या खाली असतात. खड्ड्यात चाक वर उडालं की ते परत खाली दाबायचं काम सस्पेन्शनचं. चाक जितकं हलकं तितकं ते लवकर जमिनीला टेकतं. आपल्या रस्त्यांवर हा फायदा रोज मिळतो.

सर्वात कमी फायदा मधोमध आणि खाली असलेल्या स्थिर वजनाचा. इंजिनच्या कव्हरवर टायटॅनियमचे बोल्ट लावून चाळीस ग्रॅम वाचवले, तर ते दिसायला छान दिसतात, एवढंच.

४. घरी काम करायला कुठली हत्यारं हवीतच?

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच बोल्ट आवळणारा पाना. तो नसेल तर ब्रेक, एक्सल आणि हँडल यांना हात लावू नका. शक्य असेल तर दोन घ्या, एक ५ ते २५ न्यूटन-मीटरचा आणि एक २० ते १००च्या आसपासचा, कारण मोठा रेंच लहान बोल्टवर भरवशाचा नसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बसणारा एम६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरलाच घट्ट होतो. हाताच्या अंदाजाने पिळला की आटे जातात, आणि पन्नास रुपयांच्या बोल्टपायी इंजिनचं कव्हर लेथवाल्याकडे न्यावं लागतं. तुमच्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, तेच वापरा.

याशिवाय मागचा पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा), चांगल्या एलन की, गोटी पान्यांचा संच, मल्टिमीटर आणि निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लागेल. यामाहासारख्या जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने सरकतात आणि त्यांची डोकी खराब होतात. त्यासाठी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर मिळतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही जवळ ठेवा. काढलेला पार्ट आणि नवा पार्ट दोन्ही तोला आणि वहीत लिहा. पाकिटावरच्या वजनात बऱ्याचदा ब्रॅकेट आणि बोल्ट धरलेले नसतात. पूर्ण गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेण्यात अर्थ नाही, तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यात मोजतो.

५. लिथियम बॅटरी बसवावी का? आग लागते म्हणतात.

कमी कष्टात जास्त वजन वाचवणारा पार्ट हाच. या वर्गातल्या गाड्यांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी गाडीप्रमाणे दीड ते तीन किलोंची असते, त्याच ताकदीची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एक किलोच्या आत बसते. मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा हिचं रसायन वेगळं आणि बरंच शांत आहे. तरीही जास्त व्होल्टेज तिला सहन होत नाही, आणि धोका तिथेच आहे.

म्हणून विकत घेण्याआधी गाडीचं चार्जिंग तपासा. इंजिन गरम झाल्यावर मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा, आधी आयडलला आणि मग पाचेक हजार आरपीएमला आकडा बघा. तो १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवा. १४.६ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, बॅटरीचं नंतर बघू.

काढताना आधी निगेटिव्ह टोक, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह. नवी बॅटरी आकाराने लहान असते, त्यामुळे सोबतचे फोमचे तुकडे लावून ती हलणार नाही असं बघा. मोकळी राहिलेली बॅटरी खड्ड्यांत आपटून टोकं सैल होतात. बॅटरी व्यवस्थापन सर्किट आत आहे का, हे दुकानदाराला विचारूनच घ्या.

गाडीला जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म असेल आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल, तर ही बॅटरी तुमच्यासाठी नाही. एकदा पूर्ण उतरली की लिथियम बॅटरी बऱ्याचदा परत उठत नाही.

६. लिथियम बॅटरीला जुना चार्जर चालेल का? थंडीत गाडी सुरू होईल का?

सल्फेट काढण्याचा मोड आपोआप सुरू होणारा चार्जर चालणार नाही, तो जास्त व्होल्टेजचे झटके देतो. लिथियमसाठीचाच चार्जर घ्या. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीत काही अडत नाही. लडाखला जाणार असाल तर सकाळी चावी फिरवून मिनिटभर थांबा, थोडा करंट वाहिला की बॅटरी ऊब धरते आणि मग स्टार्टर नीट फिरतो. लांबच्या थंड प्रवासाला मूळ बॅटरी परत लावणं सर्वांत निर्धोक.

७. अ‍ॅल्युमिनियमचं स्प्रॉकेट किती टिकतं?

स्टीलपेक्षा बरंच कमी. अ‍ॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे वजन निम्म्याहून खाली येतं. पण दात लवकर झिजतात. कोकणात किंवा मावळात पावसाळ्यात रोज गाडी चालवत असाल, तर चेनवर बसलेली लाल मातीची पेस्ट दातांना कानशीसारखी खाते. ७०७५ प्रतीच्या मिश्रधातूचं आणि वरून हार्ड अ‍ॅनोडाइझ केलेलं स्प्रॉकेट घ्या. पुढचं लहान स्प्रॉकेट स्टीलचंच ठेवा, त्यावर दर दातामागे भार जास्त येतो.

जुनी ताणलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवू नका. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. बसवल्यावर चेनची ढील स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे ठेवा आणि चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण ती सगळीकडे सारखी नसते. जिथे सर्वांत ताठ लागेल तिथला आकडा धरा.

रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी मी स्टीलचंच सांगेन.

८. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला तर वजन कमी न करताच पिकअप वाढतो ना?

वाढतो. १४ दातांच्या जागी १३ लावले, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर सुमारे ७.७ टक्के वाढतो. प्रश्न १ मधल्या दोन टक्क्यांशी तुलना करून बघा, आणि खर्च शेकड्यांतला. बदल्यात हायवेवर त्याच वेगाला आरपीएम वाढतात आणि मायलेज घटतं. लहान स्प्रॉकेटमुळे चेन स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला जास्त घासते, तिकडे लक्ष ठेवा. वेग चाकावरून मोजणाऱ्या एबीएसच्या गाड्यांत स्पीडोमीटर चुकत नाही. गिअरबॉक्सवरून मोजणाऱ्या जुन्या गाड्यांत तो वेग जास्त दाखवू लागतो.

९. स्लिप-ऑन (मूळ पाइपच्या टोकाला बसणारा हलका) सायलेन्सर लावला तर पोलीस पकडतील का?

हो, आणि त्यांचं बरोबर असेल. पुणे-मुंबईत असे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्यं सर्वांनी पाहिली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. कारखान्यातून निघताना ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल आणि १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारातले बहुतेक हलके सायलेन्सर तिच्या जवळपासही नसतात.

वजनाचा फायदा खरा आहे. मूळ सायलेन्सर ३ ते ५ किलोंचा, स्लिप-ऑन दीड-दोन किलोंचा. पण मूळ वजनातला मोठा वाटा आतल्या जाळ्यांचा आणि कप्प्यांचा असतो, काही गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचाही. म्हणजे तुम्ही काढताय ते वजन शेजारच्या आजोबांची झोप आणि रस्त्यावरची हवा सांभाळत होतं. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी याची शिफारस करत नाही.

१०. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसणारी, आवाज कमी करणारी नळी) लावून ठेवला तर चालेल ना?

आवाज कमी होतो, परवानगी मिळत नाही. तो एका बोल्टवर असतो आणि निघतो, हे तपासणाऱ्यालाही माहीत असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निघाला असेल तर पीयूसीचा प्रश्न वेगळाच. धुरावर स्वतः नजर ठेवणाऱ्या नव्या ओबीडी-२ गाड्यांत चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो. काय बदलता येतं, यासाठी प्रश्न १७ पाहा.

११. टायटॅनियमचे बोल्ट कुठे लावावेत आणि कुठे नाही?

आधी ते टायटॅनियमचे आहेत का हे बघा. निळे-जांभळे, सोनेरी बोल्ट ऑनलाइन डझनाने मिळतात, त्यातले अनेक रंग दिलेल्या स्टेनलेस स्टीलचे असतात. लोहचुंबकाची परीक्षा पुरेशी नाही, कारण बरंचसं स्टेनलेसही चिकटत नाही. काट्यावर ठेवा. एम८ जाडीचा, ३० मिलिमीटर लांबीचा, एलन डोक्याचा स्टील बोल्ट १७-१८ ग्रॅम भरतो, खरा टायटॅनियम दहाच्या आसपास. दहा बोल्ट एकत्र तोलले की शंका उरत नाही.

फेअरिंग (गाडीवरचं प्लास्टिकचं आवरण), लिव्हरचे क्लॅम्प, नंबरप्लेटचं ब्रॅकेट इथे खुशाल लावा. फेअरिंगला अ‍ॅल्युमिनियमचेही चालतील. कॅलिपर, डिस्क, एक्सल, हँडलचे क्लॅम्प आणि इंजिन चेसिसला धरणारे बोल्ट या पाच जागी कंपनीचेच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा बोल्ट तिथे कधीच नको. ग्रेड ५ चा प्रमाणित टायटॅनियम बोल्ट ताकदीला पुरतो, पण बिनानावाच्या पाकिटात तो ग्रेड आहे हे घरी सिद्ध करता येत नाही.

बसवताना एक गोष्ट विसरू नका. टायटॅनियम कोरडं पिळलं की आटे एकमेकांना चिकटतात. बोल्ट अर्ध्यात अडकतो आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. अँटी-सीझ ग्रीसचा पातळ थर लावा. पण मॅन्युअलमधला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो, ग्रीस असताना त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. बोल्ट विकणाऱ्या कंपनीने दिलेला आकडा वापरा.

१२. कार्बन फायबर खरं की नुसती डिझाइन, कसं ओळखायचं?

पार्टच्या मागची बाजू बघा. खऱ्या कार्बनमध्ये तिथेही विण दिसते. साध्या फायबरग्लासवर एक कार्बनचा थर चढवलेला पार्ट मागून पांढुरका किंवा काळ्या रंगाने माखलेला असतो. प्लास्टिकवर चिकटवलेल्या कार्बन-डिझाइनच्या रॅपने वजन वाढतं.

मूळ फेअरिंगचं प्लास्टिक आधीच हलकं असतं, त्यामुळे कार्बनमुळे होणारी बचत अनेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी निघते. पुढचं मडगार्ड त्यातल्या त्यात उपयोगी, कारण ते चाकाबरोबर वरखाली होतं.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावं: कार्बन फायबर विजेचं वाहक आहे. ते अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकलं आणि मध्ये खारी दमट हवा आली, की अ‍ॅल्युमिनियम गंजून पांढरी पूड धरतं. जोडाच्या जागी नायलॉनचे वॉशर किंवा रबरी बूश घाला. उन्हाने रेझिन पिवळं पडतं, म्हणून वरचा क्लिअर कोट अतिनील किरणं अडवणारा असावा.

१३. सीएनसी (मशीनवर कापून घडवलेले) लिव्हर आणि रिअरसेट (मागे-वर सरकवलेले फुटरेस्ट) घरी बसवता येतात का?

येतात, अर्ध्या तासाचं काम आहे. पण ब्रेक लिव्हरच्या बाबतीत एक तपासणी केल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका. लिव्हर सोडलेला असताना तो मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) पिस्टनला किंचितही दाबून ठेवत नाही ना, हे बघायचं. स्वस्त लिव्हरचं नाक अर्धा मिलिमीटर जास्त असलं तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आतलं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं, ऑइल टाकीत परत जात नाही. सुरुवातीला काहीच कळत नाही. मग ब्रेक तापतो, ऑइल फुगतं, पॅड आणखी दाबले जातात आणि धावत्या गाडीचं पुढचं चाक जाम होऊ शकतं.

लिव्हरच्या टोकाला एक-दोन मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. पुढचं चाक उचलून दहा वेळा ब्रेक दाबा, सोडा आणि चाक हाताने फिरवा. ते आधीइतकंच मोकळं फिरायला हवं. मग पाच किलोमीटर हळू चालवून डिस्कजवळ हात न लावता नुसता धरून उष्णता बघा. ब्रेक लाइट लिव्हरनेही लागतो आणि पायानेही, हेही तपासा, कारण रिअरसेटमध्ये मागचा स्विच हमखास बिघडतो. टोकाला गोळा नसलेला लिव्हर घेऊ नका, पडल्यावर तो हातात घुसतो.

१४. मागे रुंद टायर टाकला तर ग्रिप वाढेल?

आर१५ ला १४०/७० चा टायर येतो. त्याच रिमवर १५० चढवला तर कडा आत ओढल्या जातात, टायर गोलसर उभा होतो, वजन वाढतं आणि गाडी झुकवायला जड जाते. वर एबीएसला पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचं गुणोत्तर वेगळं दिसतं. कंपनीचा आकार ठेवा आणि रबर चांगलं घ्या. त्याच आकाराच्या दोन कंपन्यांच्या टायरांत अर्धा-एक किलोचा फरक असू शकतो. दुकानात काटा मागा, चांगला दुकानदार देतो.

१५. मोठ्या गाडीची किंवा कॉपी अलॉय व्हील हलकी म्हणून घेऊ का?

कॉपी व्हील घेऊ नका. ओतीव धातूच्या आतली पोकळी डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्या खड्ड्यांत ती कधी ना कधी तोंड उघडतेच. नामांकित फोर्ज्ड (ओतण्याऐवजी दाबून घडवलेलं) व्हील परवडत असेल तर प्रश्न ३ प्रमाणे सर्वांत मोठा फायदा त्यानेच होतो. बसवताना एबीएसची दातेरी रिंग नव्या चाकावर आली का आणि सेन्सरशी तिचं अंतर मॅन्युअलप्रमाणे आहे का, ते बघा. दुसऱ्या गाडीचं चाक बसवायला स्पेसर, डिस्क, कॅलिपर सगळं जुळवावं लागतं. ते घरचं काम नाही.

१६. साडीगार्ड, मागचं मडगार्ड आणि आरसे काढले तर किलोभर कमी होतं. काढू का?

नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण लागतं. ओढणी चाकात गेल्याचे अपघात आपल्याकडे अजून होतात, तो नियम त्यासाठीच आहे. आरसेही नियमाने हवेतच.

टेल टायडी (मागच्या मडगार्डऐवजी लावायचं नंबरप्लेटचं छोटं ब्रॅकेट) लावायचाच असेल तर तीन गोष्टी राखा: २०० बाय १०० मिलिमीटरची नंबरप्लेट सरळ आणि पूर्ण दिसावी, तिच्यावर दिवा असावा, लाल रिफ्लेक्टर राहावा. हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदा तोडलं की ते घरी परत बसत नाही. त्यामुळे प्लेट मूळ ब्रॅकेटसकट हलवता येईल असाच टायडी निवडा.

१७. मग कायद्याने नेमकं काय बदलता येतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसी बुकमधला तपशील कंपनीच्या मूळ तपशीलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

व्यवहारात बघायचं तर चेसिस, इंजिनची क्षमता, सीटची संख्या आणि सायलेन्सर यांना हात लावू नका. रंग बदलायचा असेल, पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचं रॅप लावायचं असेल तरी, आरटीओत अर्ज करून आरसीत नोंद करून घ्या. बॅटरी, त्याच आकाराचा टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, लिव्हर, ग्रिप हे झिजणारे किंवा बदलायचेच पार्ट. त्याच मापाचे, चांगल्या दर्जाचे लावले तर त्यावरून अडवणूक होण्याचं कारण सहसा येत नाही.

१८. विमा आणि वॉरंटीचं काय?

बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल अपघाताला कारणीभूत ठरला असं सर्व्हेअरने लिहिलं, तर दावा अडकतो. वायरिंग कापून काही जोडलं असेल तर इलेक्ट्रिकल वॉरंटी विसरा, म्हणून मूळ सॉकेटमध्ये बसणारे पार्टच घ्या.

१९. हँडलच्या टोकांची वजनं काढली आणि आता हात बधिर होतात. का?

ती वजनं हँडलची थरथर मारण्यासाठीच बसवलेली असतात. एक सिलिंडरच्या इंजिनाला ती फार लागतात. परत लावा. गाडीवर असं मुद्दाम ठेवलेलं आणखी वजन म्हणजे रिमवरचे बॅलन्सिंगचे तुकडे. तेही काढू नका.

२०. पाच-सहा किलो कमी केल्यावर गाडी खड्ड्यांत जास्त उडते आहे. काय चुकलं?

स्प्रिंग जुन्या वजनाला बेतलेली आहे. सायलेन्सर, बॅटरी आणि मागचं सामान गेल्यावर मागचा भाग किंचित वर उभा राहतो. नेहमीचे कपडे आणि बूट घालून गाडीवर बसा. कुणाला तरी मागच्या एक्सलपासून वरच्या ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर मोजायला सांगा, मग गाडीची मागची बाजू उचलून, चाक मोकळं लटकवून तेच अंतर मोजा. फरक ३० ते ३५ मिलिमीटर असावा. कमी आला तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) एक खाच सैल करा. टायरमधली हवाही एकदा थंड असताना तपासा, बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

२१. गाडी फक्त ट्रॅकवर चालवणार असेन तर हे सगळे नियम लागू नाहीत ना?

कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर आरसे, दिवे, साडीगार्ड काढलेली गाडी चालते, उलट काही गोष्टी काढायलाच सांगतात. पण ती तिथपर्यंत टेम्पोतून किंवा ट्रेलरवरून न्यावी लागेल. स्वतः चालवत गेलात तर वाटेत सगळे नियम लागू. ट्रॅकवर ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधायला सांगतात, त्याची तयारी घरूनच करा. प्रश्न ११ मधल्या पाच जागा आणि प्रश्न १३ मधली तपासणी तिथेही सुटत नाही.

२२. काढलेले मूळ पार्ट विकून टाकू का?

ठेवा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून प्रत्येकीवर जागेचं नाव लिहा, सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी मात्र महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर ती सहा महिन्यांत निकामी होते. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक मूळ पार्टांसकट गाडी मागतं, आणि हलके पार्ट वेगळे विकले तर त्यांचे पैसेही जास्त येतात.